ओटी आणि समाप्ती अहवाल

मी पनवेलच्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. इतकी वर्षं शिकवते आहे की बाजारातला भाजीवालासुद्धा 'मॅडम, तुमची समाजसेवा काय म्हणते?' असं विचारतो, आणि सेवा वेगळी, कार्य वेगळं, हे त्याला समजावणं मी कधीच सोडून दिलंय. आमची मुलं आठवड्यातले काही दिवस वर्गाबाहेर असतात. वस्तीत, दवाखान्यात, शाळेत, नाहीतर एखाद्या संस्थेत. त्याला आम्ही फील्डवर्क म्हणतो. केलेल्या कामाचा अहवाल मुलांनी लिहायचा, आम्ही वाचायचा, वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा. आणि फील्डवर्कमध्ये नापास झालात तर बाकी सगळ्या विषयांत पहिले आलात तरी वर्ष गेलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण यावरच आहे.

आमच्या विषयाची जुनी पुस्तकं बाहेरून आलेली. त्यातली केस म्हणजे कुणीतरी एकटी म्हातारी, मांडीवर मांजर आणि खिडकीबाहेर बर्फ. कार्यकर्त्याने वेळ ठरवून भेटायचं, तिच्याकडे खायचं-प्यायचं नाही, भेटवस्तू घ्यायची नाही की द्यायची नाही, स्वतःच्या घरचं बोलायचं नाही. काम झालं की नातं संपवायचं. त्याला नाव 'समाप्ती'. समाप्ती कशी करावी यावर आमच्याकडे अख्खं प्रकरण आहे. आता सांगा, इथे खाडीकाठच्या गावात तुम्ही पहिल्या दिवशी चहा नाकारलात तर दुसऱ्या दिवशी दार उघडेल का कोणी? आणि वीटभट्टीवरच्या बाईला 'आजपासून आपलं नातं समाप्त' म्हणालात तर ती म्हणेल, मी असा काय गुन्हा केला?

म्हणून मी वर्षानुवर्षं भांडून एक नवा पेपर मंजूर करून घेतला. जागतिक आणि चिकित्सक दृष्टिकोन. नाव अवजड आहे, माझ्या मनात होतं ते साधं होतं. जगात इतर ठिकाणची माणसं आपापल्या माणसांना कसं सांभाळतात ते बघायचं. आणि आपण जे शिकवतो ते कुणी, कुणासाठी, कुठे बसून लिहिलं ते विचारायचं. तळोज्याच्या कारखान्यांचा वास रोडपालीला माझ्या स्वयंपाकघरात येतो आणि मुलं फील्डवर्कला जाऊन तिथल्या बायकांना 'ताणतणावाचं व्यवस्थापन' शिकवतात. का? ताण कुठून येतो ते नाकाला कळतंय की! एवढंच मला वर्गात विचारायचं होतं.

पेपर मंजूर झाला तो माझ्या भांडण्यामुळे, असं मी मानत होते. खरं कारण नंतर कळलं. एका परदेशी विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार व्हायचा होता आणि त्यांना अभ्यासक्रमात 'जागतिक' असा शब्द कुठेतरी दिसायला हवा होता. बरं, कारण काही का असेना, पेपर आला. मी खूश होते. पहिल्याच तासाला मी मुलांना म्हटलं, या विषयात पाठांतराचे मार्क नाहीत, डोळे उघडे ठेवण्याचे आहेत. केवढ्या मोठ्या तोंडाने म्हटलं होतं!

त्या वर्गात ती होती. उरणच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातली कोळ्यांची मुलगी. आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते, बाप बंदरावर कंत्राटी कामाला. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. वर्गात बोलायची कमी, पण बोलली की नेमकं बोलायची आणि मग स्वतःच लाजायची. सुरुवातीला 'नाय' तोंडातून निघालं की जीभ चावून 'नाही' म्हणायची. मी एकदा म्हटलं, अगं, चाव कशाला, तुझीच जीभ आहे. तेव्हा हसली होती. तिची मार्गदर्शक मी होते.

तिला फील्डवर्क मिळालं होतं ते नेऱ्याच्या पुढच्या वीटभट्ट्यांवर. एक संस्था तिथे भट्टीवरच्या पोरांसाठी बालवाडी चालवायची. भट्टीवर काम मिळतं ते जोडीला. नवरा माती मळणार, बायको विटा थापणार, नाहीतर उलट. पण जोडी हवी. एकट्या माणसाला काम नाही आणि काम नाही तर खोपटं नाही. माझ्या विद्यार्थिनीची ओळख झाली होती ती अशाच एका कातकरी बाईशी. बाई कसली, जेमतेम विशीची पोर, पोटुशी. थंडीच्या दिवसांत तिचा नवरा दुसऱ्या कुठल्या भट्टीवर निघून गेला, तिथे दुसरी जोडी लावून. झालं! हिची जोडी मोडली. मुकादमाने दोन दिवस वाट पाहिली आणि खोपटं दुसऱ्या जोडप्याला दिलं. वाडीवर परत जावं तर हंगामात वाडी ओस. जो तो कुठल्या ना कुठल्या भट्टीवर, हिचा भाऊसुद्धा. घराला कडी घालून सगळे गेलेले. पाय सुजलेले, अंगात कणकण, आणि ही विटांच्या ढिगाआड पोतं पांघरून बसलेली.

माझ्या विद्यार्थिनीने आधी पुस्तकात लिहिलेलं सगळं केलं, हे मुद्दाम सांगते. तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हिला आराम द्या, ओझं उचलू देऊ नका. आराम द्या! कुठे, हे काही त्यांनी लिहून दिलं नाही. मग माझ्या विद्यार्थिनीने संस्थेला फोन केला. संस्थेने आधारगृहाला फोन करायला सांगितलं. आधारगृह म्हणालं, कागदपत्रं लागतील, वरून आदेश लागेल. सोमवारी या. तो शनिवार होता. सगळ्यांनी रीतसर काखा वर केल्यावर ती बाईला रिक्षात घालून पनवेल स्टँडवर आली, तिथून बसने आपल्या घरी घेऊन गेली.

आई म्हणे आधी चवताळलीच. मासळीच्या पाट्या ठेवायला जागा नाही, त्यात ही कोण घेऊन आलीस? आणि जातीचंही होतंच, ते कशाला लपवा? शेजारणी दारात येऊन बघून गेल्या. एकीने तोंडावर विचारलं, आता काय कातकऱ्यांना घरात घेणार का? त्यावर मात्र आई फिरली. माझ्या घरात कोणी यायचं ते मी ठरवीन, म्हणाली. सोमवार आला आणि गेला. आधारगृहाच्या कागदांचं काही जमलं नाही. बाई तिथेच राहिली. अंगणात बसून सोड्यांसाठी कोळंबी सोलायला मदत करायची. पुढे सातवा लागला तेव्हा आईने तिला पाटावर बसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या आणि ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. तिच्या माहेरचं कोणी नव्हतं म्हणून. एवढंच.

हे सगळं माझ्या विद्यार्थिनीने आपल्या अहवालात लिहिलं. एकूण एक. शेजारणींचं बोलणं लिहिलं, स्वतःच्या आईच्या तोंडून निघालेले वाईट शब्द लिहिले, ओटीत काय काय घातलं तेही लिहिलं. आणि शेवटी प्रश्न लिहिला होता: 'ओटी भरल्यानंतर ही माझी लाभार्थी आहे की बहीण? आणि दोन्ही असली तर बिघडलं काय?' मी ते स्टाफरूममध्ये वाचलं आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी अख्ख्या पेपरात जे शिकवू पाहत होते ते या पोरीने एका ओळीत विचारलं होतं. समासात मी लाल शाईने लिहिलं, 'फार छान. यावर बोलू.'

बोलणं राहिलंच. मधल्या तपासणीसाठी अहवाल फील्डवर्कच्या समन्वयक बाईंकडे गेले. या बाई आमच्याकडे व्यावसायिक नीतीचा पेपर शिकवतात. हुशार आहेत, कामसू आहेत, आणि नियमाच्या बाहेर श्वाससुद्धा घेत नाहीत. त्या अहवाल हातात धरून माझ्याकडे आल्या त्या जणू त्यात झुरळ सापडल्यासारख्या.

"मॅडम, तुम्ही हे वाचलंत?"

"वाचलं. शेराही लिहिलाय."

"लाभार्थीला घरी नेलंय हो तिने! वर ओटी! भेटवस्तू, धार्मिक विधी, दुहेरी संबंध, सगळं एका जागी. कराराच्या मसुद्यातलं नीतीचं कलम वाचलंत ना तुम्ही? त्या विद्यापीठाचे लोक पुढच्याच आठवड्यात येताहेत."

मी म्हटलं, "तुम्ही कधी कुणाची ओटी भरलीय की नाही?"

"तो माझा घरचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "हे प्रोफेशन आहे."

मग बैठक. प्राचार्य, समन्वयक बाई आणि मी. प्राचार्य माणूस वाईट नाही. फक्त आल्या वाऱ्याला पाठ देणारा. ते म्हणाले, मुलीचं नुकसान करायचं नाही, पण नियम आहे. तिने बाईला आधारगृहात पोहोचवावं, समाप्ती अहवाल लिहून द्यावा, आणि विषय संपवावा. समन्वयक बाईंनी तोवर खटपट करून आधारगृह शोधलं होतं, ठाण्याच्याही पलीकडे. कागदांचीही व्यवस्था लावली होती. जे काम त्या पोरीला कुणी करून दिलं नाही, ते कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आल्यावर चुटकीसरशी झालं. नाही लिहून दिलं तर फील्डवर्कमध्ये नापास. म्हणजे वर्ष बुडालं.

मी चिडले. टेबलावर हात आपटला. म्हटलं, आठव्या महिन्याची बाई तुम्ही लांबच्या गावी अनोळखी माणसांत नेऊन टाकणार, कशासाठी, तर परदेशी पाहुण्यांना आपलं घर स्वच्छ दिसावं म्हणून? अहो, आपल्या अभ्यासक्रमात एक पेपर आहे, तो मी शिकवते, त्यात नेमकं हेच विचारायला शिकवतात! प्राचार्य शांतपणे म्हणाले, "मॅडम, तो पेपर आहे. हे फील्डवर्क आहे." कपाळावर हात मारून घ्यायचा फक्त.

पण मला एक आशा होती. त्याच परदेशी विद्यापीठातून येणाऱ्या पाहुण्या प्राध्यापिकांचं व्याख्यान ठरलं होतं आणि त्यांचे लेख मी वाचले होते. त्यांचं सगळं म्हणणंच असं होतं की आम्ही पश्चिमेकडच्या लोकांनी जगाला अंतर ठेवायला शिकवलं आणि ती आमची चूक झाली. मी विचार केला, ज्यांच्या भीतीने हे चाललंय त्याच बाईंच्या तोंडून एक वाक्य निघालं की प्राचार्य लगेच वळतील. त्यांना वळायला वेळ लागत नाही.

व्याख्यान सुंदर झालं, खोटं कशाला बोला? सभागृह भरलेलं. खारघरच्या दुसऱ्या कॉलेजांतूनही मुलं आणली होती. पाहुण्या बाई साडी नेसून आल्या होत्या, पदर सारखा सांभाळत होत्या. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे नात्यांची जी शहाणीव आहे ती आम्हाला शिकायची आहे. मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यामधली भिंत आम्ही बांधली, तुम्ही ती बांधू नका. तुमच्या आज्या-आयांनी जे केलं तेच खरं समाजकार्य. टाळ्या! प्राचार्य टाळ्या वाजवत होते. समन्वयक बाई टाळ्या वाजवत होत्या. मागच्या रांगेत माझी विद्यार्थिनी बसली होती, ती माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, सुटले मी.

प्रश्नांच्या वेळी मी उभी राहिले. नाव-गाव न घेता सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, अशा विद्यार्थिनीला तुमच्या विद्यापीठात पास करतील की नापास?

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. पाहुण्या बाई हसल्या. फार समृद्ध प्रश्न आहे, म्हणाल्या. गुंतागुंतीचा आहे. प्रत्येक संस्थेचा आपला संदर्भ असतो, आणि मी इथे पाहुणी आहे, तेव्हा तुमच्या अंतर्गत निर्णयावर बोलणं हीसुद्धा एक प्रकारची वसाहतवादी ढवळाढवळ होईल. यावरही टाळ्या पडल्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! मागच्या रांगेत बघायचा मला धीर झाला नाही.

दुपारी पाहुणीसाठी पोपटीचा बेत होता. कॉलेजमागच्या मैदानात मडकं लावलं होतं, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, सगळं साग्रसंगीत. बाई फोटो काढत होत्या. मग शेंगा सोलत त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ती केस विलक्षण आहे. आपण त्यावर मिळून लिहू या का? नव्या अभ्यासपुस्तकात घालता येईल. मी म्हटलं, आधी ती मुलगी पास होऊ दे. त्यासाठी तुमची एक ओळ पुरे आहे. त्या म्हणाल्या, नक्की, मी लिहीन तुमच्या प्राचार्यांना.

लिहिलंही. पत्रात पोपटीची तारीफ होती, आतिथ्याबद्दल आभार होते, आणि 'गुंतागुंतीच्या परिस्थितीत विद्यार्थ्यांना आधार देणाऱ्या आपल्या संस्थेबद्दल' आदर होता. प्राचार्यांनी ते सूचना फलकावर लावलं. तो आदर आपल्याचबद्दल आहे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

आता राहिला होता एकच रस्ता. मी पोरीच्या घरी गेले. नव्या उड्डाणपुलाखालून गावाकडे वळणारा रस्ता, दोन्ही बाजूंना कंटेनरच्या गाड्या उभ्या, आणि पुढे अचानक खाडीचा चिखल आणि वाळत घातलेली जाळी. ती कातकरी बाई पडवीत बसली होती, पाय पसरून, पोटावर हात ठेवून. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, बस गं बाई, बस.

मी काय सुचवायला गेले होते ते सांगते. बाई इथेच राहू दे. अहवालात फक्त लिही की समाप्ती झाली. आमच्या धंद्यात ही गोष्ट नवी नाही. भेटी न देता भेटी लिहितात, गट न घेता गटकार्य लिहितात, आणि सगळे सुखाने पास होतात. एका चांगल्या कारणासाठी एक खोटी ओळ, काय बिघडलं? माझी विद्यार्थिनी ऐकून घेत राहिली. आई आतून चहा घेऊन आली. ती आमचं सगळं बोलणं ऐकत होती.

"मॅडम, मी तर पयल्याच दिवशी हिला बोलले, कशाला आनलीस," आई म्हणाली. "माज्या डोक्याला काय कमी ताप हाय? पन आता ओटी भरली ना तिची! आता ती माहेराला आलेली हाय. बालंत झाल्याबिगर तिला कशी घालवू? तुमीच सांगा, तुमी घालवली असती?"

"घालवायची नाहीच आहे. फक्त कागदावर लिहायचं आहे."

आई लेकीकडे वळली. "मग लिव ना. लिव आणि सोर. कागद काय कुनाला चावतो?"

मला हायसं वाटलं. आई व्यवहारी निघाली होती. पण मुलगी मान खाली घालून म्हणाली, "नाय लिवनार." या वेळी तिने जीभ चावली नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, जे दिसतं ते लिहायचं. मी शेजारच्या काकींचं लिहिलं, आईचं लिहिलं, आईला वाईट वाटेल असं लिहिलं. ते सगळं खरं लिहिलं आणि आता स्वतःवर आलं तर खोटं लिहू? आणि कारण काय लिहू? 'लाभार्थीची गरज संपली'? ती समोर बसलीय."

पडवीतली बाई उठली होती. तिला शब्द कळले नसतील, पण आपल्यावरून काहीतरी चाललंय हे कुणाला कळत नाही? ती आत जाऊन तिचं गाठोडं बांधायला लागली. आईने ओरडून तिला खाली बसवलं, अशी काही ओरडली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मग आई स्वतःच रडायला लागली. पोरीचं शिक्षण जाणार, हे तिला त्या क्षणी नीट कळलं असावं. मी चहा प्यायले, कप धुवून ठेवला आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मला असा काही संताप आला! कॉलेजचा आला, त्या साडी नेसलेल्या बाईंचा आला, आणि त्या पोरीचाही आला. इतकं काय खरं वागायचं ते! मी रडत रोडपालीला पोहोचले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि गाण्याचा आवाज कमी केला.

तिला नापास केलं. बैठकीत मी विरोध नोंदवला, तो इतिवृत्तात आलासुद्धा. इतिवृत्तात विरोध फार शोभून दिसतो. पुन्हा वर्ष करायला बापाने नाही म्हटलं. म्हणाला, एवढं शिकून नापास झाली ती पुढे काय दिवे लावणार? आता ती एका कंटेनर यार्डाच्या गेटवर बसते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करते. त्या बाईला मुलगी झाली. होळीनंतर भाऊ येऊन तिला वाडीवर घेऊन गेला. पुढच्या हंगामात तिने कुणाशी तरी जोडी लावली आणि पुन्हा भट्टीवर गेली, लेकराला झोळीत घालून. सुखान्त वगैरे काही नाही.

नंतर करार पक्का झाला आणि संयुक्त अभ्यासपुस्तक छापून आलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर होड्या. माझ्या पेपरला तेच पुस्तक लावलं. मी सहज उघडलं तर आत ती केस! 'भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका मच्छीमार समुदायातील प्रशिक्षणार्थी.' घरी नेलेली बाई, ओटी, पडवी, सगळं होतं. आईचे ते वाईट शब्द सोडून सगळं होतं. मी लिहायला नाही म्हटल्यावर अहवाल पाहुण्या बाईंना कुणी पाठवला असेल हे वेगळं सांगायला नको. शेवटी लिहिलं होतं की संस्थेच्या संवेदनशील मार्गदर्शनाखाली प्रशिक्षणार्थीने आपलं प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलं.

मी पुस्तक घेऊन तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "अहो मॅडम, केसचा शेवट जरा सकारात्मक लागतो. मुलांना प्रेरणा नको का मिळायला?"

"आणि तिला काय मिळालं?"

"नाव कुठे आहे तिचं?" ते म्हणाले. नाव नाही म्हणजे अन्याय नाही, असा तो हिशेब.

मी तिला फोन केला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुला नको असेल तर मी ती केस शिकवणार नाही, मग कॉलेज माझं काय करायचं ते करो. ती म्हणाली, "नाही मॅडम, शिकवा ना. चांगली आहे ती. आईला सांगते, पुस्तकात आलीस म्हणून." मग कुणाला तरी गाडीचा नंबर विचारला. "फक्त मी पास झाले असं नका सांगू."

मी सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात वर्गात ती केस शिकवली, छापलेला शेवट वाचून दाखवला आणि म्हटलं, हे खोटं आहे. त्या मुलीला नापास केलं, याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. बाईला घालवलं असतं तर पास केलं असतं. दोन-तीन मुलींनी पदराने, ओढणीने डोळे पुसले. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. अभ्यासू मुलगी, बिचारी, तळोज्याहून दोन रिक्षा बदलून येते.

"मॅडम, परीक्षेत कुठला शेवट लिहायचा?"

सगळ्यांनी पेनं उचलली आणि माझ्याकडे बघितलं. पेपर आमच्याकडे तपासत नाहीत, बाहेर जातो, आणि तपासणाऱ्याच्या हातात हेच पुस्तक असतं. त्या पोरांच्या घरीही कुणाकुणाचे बाप बसलेले असतात, एवढं शिकून नापास झाली म्हणणारे.

"छापलेला लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं.